ग्रँटवरचं आरोपपत्र चुकीच्या कलमाखालचं आहे

युलिसिस ग्रँटचं नाव निघालं की पाठोपाठ व्हिस्की येते. एक ती, जी तो तरुणपणी लष्करात असताना प्यायचा. दुसरी ती, जिच्यावरचा कर सेंट लुईसच्या दारू गाळणाऱ्यांनी त्याच्याच सरकारातली माणसं हाताशी धरून बुडवला. अमेरिकेच्या या अठराव्या अध्यक्षाबद्दल पिढ्यान् पिढ्या जे शिकवलं गेलं, त्याचं सार एवढंच : सेनापती मोठा, राज्यकर्ता भाबडा, भोवती सगळे चोर. १९४८ साली तिथल्या इतिहासकारांनी अध्यक्षांची क्रमवारी लावली, त्यात ग्रँट शेवटून दुसरा आला. त्याच्याखाली फक्त वॉरन हार्डिंग. सी-स्पॅन वाहिनीच्या २०००च्या पाहणीत तो ३३वा होता, २०२१च्या पाहणीत २०वा. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारभारात या एकवीस वर्षांत काही बदललं नाही. बदललं ते मोजणाऱ्यांचं माप.

माप बदललं ते बरंच झालं. पण नवे वकीलही एका जागी घाई करतात. जुना आरोप फुगवलेला होता हे त्यांनी दाखवून दिलं आणि तेवढ्यावर माणसाला निर्दोष सोडलं. माझं म्हणणं वेगळं आहे. घोटाळ्यांचा आरोप खरा आहे, पण त्यामानाने हलका. जड आरोप दुसराच : नुकत्याच स्वतंत्र झालेल्या चाळीस लाख माणसांचे हक्क कायद्याच्या बळावर प्रत्यक्षात राखता येतात, हे ग्रँटने १८७१ मध्ये करून दाखवलं. त्याला काय काय लागतं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि चार वर्षांत त्याने ते यंत्र आपल्या देखत बंद पडू दिलं.

त्याच्या आयुष्यातली एक नोकरी चरित्रकार दोन ओळींत उरकतात. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून ३९ जणांत २१वा येऊन बाहेर पडलेला हा ओहायोतल्या चांभाराचा, म्हणजे चामडं कमावणाऱ्याचा, मुलगा मेक्सिकोच्या युद्धात (१८४६-४८) चौथ्या पायदळ रेजिमेंटचा क्वार्टरमास्टर होता. खेचरं, पीठ, तंबू, बूट वेळेवर पोचवणं हे काम. हुकूम सुटला म्हणून पलटण हलत नाही, खेचरं आली की हलते, हे तो तिथे शिकला. पुढे १८५४ मध्ये त्याने लष्कर सोडलं, सेंट लुईसजवळची शेती बसली, शहरात सरपण विकायची पाळी आली. १८५९ मध्ये हाती पैसा नसताना त्याने आपल्या मालकीच्या विल्यम जोन्स या गुलामाला विकलं नाही, कागद करून मोकळं केलं. १८६० मध्ये तो गलीना गावी बापाच्या चामड्याच्या दुकानात बसत होता. पाच वर्षांनी, यादवी युद्ध संपताना, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली त्याच्यापुढे शरण आला. मधल्या लढायांबद्दल इतकंच म्हणतो की, व्हिक्सबर्गच्या मोहिमेत जो माणूस दिसतो तो नकाशापेक्षा रसद आधी पाहणारा आहे.

४ मार्च १८६९ रोजी तो अध्यक्ष झाला तेव्हा चौदावी घटनादुरुस्ती, म्हणजे नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी, झालेली होती. पंधरावी, म्हणजे वर्णावरून मत नाकारता येणार नाही ही, ३० मार्च १८७० रोजी लागू झाल्याचं जाहीर झालं. कागद पूर्ण होता. दक्षिणेतल्या गावांत मात्र खून हा गुन्हा राहिलेला नव्हता. तो राज्याच्या कायद्याखाली यायचा. शेरीफ गावचा, ज्यूरी गावची, आणि त्यातले कितीतरी एकतर कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त दहशतवादी संघटनेचे सदस्य किंवा क्लॅनला भ्यालेले. साक्षीदार रात्रीत गाव सोडायचा, नाहीतर जग.

यावर उभं राहिलेलं यंत्र सुट्या भागांनी पाहण्यासारखं आहे. पहिला भाग म्हणजे खातं. २२ जून १८७०च्या कायद्याने न्याय खातं निर्माण झालं आणि १ जुलैपासून सुरू झालं. त्याआधी ॲटर्नी जनरल हा छोटंसं कार्यालय असलेला कायदेशीर सल्लागार होता, आणि सरकारी खटल्यांसाठी खाजगी वकिलांवर पैसा जायचा. हे खातं मुळात खर्च वाचवायला काढलं होतं, ही त्यातली गंमत. पण त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतले संघराज्याचे वकील प्रथमच एका हाताखाली आले. दुसरा भाग म्हणजे गुन्ह्याची व्याख्या. ३१ मे १८७०च्या कायद्याने, वेष बदलून किंवा टोळी करून नागरिकाला घटनात्मक हक्क वापरण्यापासून रोखणं हा संघराज्याचा गुन्हा ठरला : ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि दहा वर्षांपर्यंत कैद. आता खुनाचा खटला राज्यात उभा राहिला नाही तरी कटाचा खटला संघराज्याच्या कोर्टात चालवता येणार होता. तिसरा भाग २० एप्रिल १८७१च्या कायद्याने आला. लष्कर वापरायची आणि गरज पडल्यास हेबियस कॉर्पस, म्हणजे अटक झालेल्याला कोर्टापुढे आणून अटकेचं कारण विचारायचा हक्क, तहकूब करायची मुभा अध्यक्षाला मिळाली. त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात सरकारी सत्तेच्या आडून हक्क मोडणाऱ्यावर दिवाणी दावा लावायची सोय आहे. ते कलम आजही जिवंत आहे. अमेरिकेत पोलिसांच्या अत्याचाराविरुद्ध नागरिक जे दावे लावतात, ते बहुतेक त्याच कलमाखाली.

आणि चौथा भाग म्हणजे माणूस. ॲटर्नी जनरल म्हणून ग्रँटने नेमला तो एमॉस ॲकरमन. जन्म न्यू हॅम्पशायरचा, वकिली जॉर्जियातली, यादवी युद्धात तो दक्षिणेच्या फौजेत होता. दक्षिणेतली रात्र कशी असते हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

साउथ कॅरोलायनातल्या यॉर्क काउंटीत हे सगळं जुळून आलं. तिथे मार्च १८७१ मध्ये जिम विल्यम्स या कृष्णवर्णी मिलिशिया कॅप्टनला घरातून ओढून झाडाला फाशी दिलं गेलं होतं. सातव्या घोडदळाचा मेजर लुईस मेरिल तिथे तळ देऊन बसला. सुरुवातीला त्याला ही सगळी अफवाबाजी वाटत होती. माहिती गोळा करत गेला तसा आकडा ११ खून आणि सहाशेच्या आसपास फटके-मारहाणीच्या प्रकरणांवर गेला. ॲकरमन स्वतः यॉर्कव्हिलला येऊन बसला. १२ ऑक्टोबरला ग्रँटने जाहीरनामा काढला : पाच दिवसांत टोळ्या मोडा, शस्त्रं जमा करा. १७ ऑक्टोबरला नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस तहकूब झालं.

तहकुबीला आजही हुकूमशाही म्हणणारे आहेत, म्हणून तिचा उपयोग नेमका कशाला झाला ते पाहावं. लष्करी न्यायालय बसलं नाही. सैनिकांचं काम माणूस पकडून आणायचं. खटला नेहमीच्या नागरी कोर्टात, ज्यूरीपुढे. तहकुबीने साधलं ते एवढंच की पकडलेला माणूस स्थानिक न्यायाधीशाच्या हुकमाने दुसऱ्या दिवशी सुटून साक्षीदाराच्या दारात उभा राहू शकला नाही. परिणाम काही दिवसांत दिसला. तुरुंग भरले, आणि मग लोक आपणहून येऊन कबुलीजबाब देऊ लागले. इतके की मेरिलच्या माणसांना लिहून घ्यायला वेळ पुरेना. गुप्त संघटनेची ताकद शपथेत असते आणि शपथ टिकते ती बाकीचे गप्प राहतील या खात्रीवर. ती खात्री गेली की कोसळायला फार दिवस लागत नाहीत.

नोव्हेंबरात राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला, खटले उभे राहिले. न्यायाधीश ह्यू बाँड आणि जॉर्ज ब्रायन, सरकारी वकील डेव्हिड कॉर्बिन, ज्यूरीत बहुसंख्य कृष्णवर्णी. आरोपींच्या बाजूने वर्गणी जमवून दोन वकील आणले गेले : रेव्हर्डी जॉन्सन आणि हेन्री स्टॅनबेरी, दोघेही देशाचे माजी ॲटर्नी जनरल. बचाव पक्षाला चांगला वकील मिळाला नाही, असं कोणी म्हणू शकत नाही. शिक्षा झालेल्यांना उत्तरेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या तुरुंगात धाडलं. क्लॅनचं ते पहिलं रूप त्या हिवाळ्यात मोडलं आणि १८७२ची निवडणूक दक्षिणेत आधीच्या निवडणुकीच्या मानाने पुष्कळच शांततेत पार पडली.

या यंत्रात खोट कुठे होती तेही तितकंच शिकण्यासारखं. मोठे मासे निसटले : जिम विल्यम्सला मारणाऱ्या टोळीचा म्होरक्या म्हणून ज्याचं नाव आलं तो डॉक्टर रूफस ब्रॅटन कॅनडात पळाला. कोर्टासमोर आले ते बहुतेक गरीब शेतकरी. आरोपी शेकड्यांनी, कोर्ट एक, सरकारी वकील एक-दोन. एकेका खटल्याला दिवसच्या दिवस. साक्षीदाराने कोलंबियाला यायचं, राहायचं, खायचं आणि परत त्याच गावात जगायला जायचं. क्वार्टरमास्टरच्या भाषेत सांगायचं तर आघाडी पुढे गेली होती आणि मागून गाड्या येत नव्हत्या. उपाय उघड होता : जास्त न्यायाधीश, जास्त वकील, जास्त पैसा, आणखी तीन-चार वर्षं. तहकुबीचा अधिकार मुदतीचा होता. १८७२ मध्ये ती मुदत वाढवायला काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नकार दिला. हा दोष ग्रँटचा नाही. पण डिसेंबर १८७१ मध्ये, खटले ऐन भरात असताना, ॲकरमनचा राजीनामा मागितला तो ग्रँटने. रेल्वे कंपन्यांना जमिनी देण्याच्या बाबतीत ॲकरमनचे निर्णय त्या कंपन्यांना जाचत होते आणि त्यांचा वॉशिंग्टनात वजनदार आवाज होता. त्याच्या जागी आलेला जॉर्ज विल्यम्स वेगळ्या वळणाचा. पुन्हा निवडून आल्यावर, १८७३ मध्ये, सरकारने दयेचं धोरण धरलं : उरलेले खटले गुंडाळले, कैद्यांना माफी. हेतू सलोख्याचा होता. समोरच्यांनी त्याचा अर्थ काय लावला, हे त्या साली दिसलंच.

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियानातल्या ज्या परगण्याला ग्रँटचंच नाव होतं आणि ज्या गावाला त्याच्या उपाध्यक्षाचं, त्या ग्रँट पॅरिशमधल्या कोलफॅक्स गावी कचेरीत बचावासाठी ठाण मांडून बसलेल्या कृष्णवर्णी लोकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगतात. त्यातले कित्येक शरण आल्यावर मारले गेले. दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सच्या कत्तलखान्यांच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी चौदाव्या दुरुस्तीतला नागरिकत्वाच्या हक्कांचा भाग जवळजवळ पोकळ केला.

त्यानंतर सात आठवड्यांनी, १ जून १८७३ रोजी, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. आपल्याकडे या अर्पणपत्रिकेचा उल्लेख अभिमानाने होतो आणि व्हायलाच हवा. मात्र त्या तारखेला अमेरिकेत काय चाललं होतं, हे शेजारी ठेवून ती सहसा वाचली जात नाही. फुल्यांनी आपल्या देशबांधवांपुढे जे उदाहरण ठेवलं, ते तेव्हा त्याच्या मायदेशीच धोक्यात होतं. म्हणून फुले चुकले असं नाही. मुक्ती ही एकदा जाहीर करायची गोष्ट आहे असं अमेरिकेतल्या उदारांना वाटू लागलं होतं. फुले आयुष्यभर शाळा, वसतिगृहं, सत्यशोधक समाज अशा रोजच्या कामावर भर देत राहिले. दोघांत समज कोणाची पक्की होती?

कोलफॅक्सचा खटला संघराज्याच्या वकिलाने, जेम्स बेकविथने, नेटाने लढवला. आरोपपत्र ९७ जणांवर, कोर्टात उभे केले ९, दोषी ठरले ३. त्यांचंही अपील वर गेलं आणि २७ मार्च १८७६ रोजी ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रुकशँक’ या निकालात ते सुटले. न्यायालय म्हणालं, चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते. खाजगी माणसांनी केलेल्या हिंसेचा बंदोबस्त राज्याने करायचा. म्हणजे जिथून सुरुवात झाली होती तिथेच परत : शेरीफ गावचा, ज्यूरी गावची. निकाल लिहिणारा सरन्यायाधीश मॉरिसन वेट ग्रँटने नेमलेला. खालच्या पायरीवर आरोपपत्र मोडीत काढणारा न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडलीही ग्रँटनेच नेमलेला. नऊपैकी चार न्यायमूर्ती त्याचे होते. वकील, पैसा, फौज यांचा विचार करणाऱ्या माणसाने न्यायमूर्ती निवडताना ते रेल्वे, नोटा आणि कंत्राटं यांच्याबद्दल काय म्हणतात तेवढंच पाहिलं. त्याच्या आरोपपत्रात हे कलम मी पहिलं घालीन.

दुसरं कलम मिसिसिपीचं. १८ सप्टेंबर १८७३ रोजी ‘जे कुक अँड कंपनी’ ही मोठी बँक बुडाली आणि मंदी सुरू झाली. १८७४ मध्ये प्रतिनिधीगृह विरोधी डेमोक्रॅटांकडे गेलं. त्या साली फौजेवरचं बंधन २५,००० शिपायांवर आलं, तेही मुख्यतः पश्चिमेच्या सरहद्दीवर पांगलेले. सप्टेंबर १८७५ मध्ये मिसिसिपीचा गव्हर्नर ॲडेलबर्ट एम्स याने फौज मागितली : निवडणूक दोन महिन्यांवर, सभांवर हल्ले, माणसं रानात लपलेली. ग्रँट न्यू जर्सीच्या लाँग ब्रँचला समुद्रकाठी होता. त्याने ॲटर्नी जनरल एडवर्ड्स पिअरपॉन्टला लिहिलेल्या पत्रात म्हटलं की दर पानगळीच्या या दंग्यांना जनता कंटाळली आहे. पण त्याच पत्रात, वेळ आली तर जाहीरनामा काढून कुचराई न करता मदत द्यावी, असाही सूर होता. पिअरपॉन्टने एम्सला कळवताना कंटाळ्याचं वाक्य उचललं आणि मदतीचा भाग बारीक केला. ग्रँटने त्याला थांबवलं नाही. ऑक्टोबरात ओहायोत निवडणूक होती. फौज पाठवली तर ते राज्य हातचं जाईल, असं पक्षातले लोक त्याच्या कानी घालत होते. ओहायो राहिलं. मिसिसिपी गेलं. यॅझू काउंटीत, जिथे कृष्णवर्णी मतदारांचं बहुमत होतं, तिथे ग्रँटच्या रिपब्लिकन पक्षाला त्या निवडणुकीत ७ मतं पडली. सातशे नव्हे, सात.

इथे नेहमीचा आक्षेप येतो : संगिनीच्या टोकावर लोकशाही किती दिवस टिकणार? आक्षेप ऐकायला शहाणा आहे. पण संगीन दोन्ही बाजूंना होती, हे तो विसरतो. यॉर्क काउंटीत क्लॅन मोडायला घोडदळ-पायदळाच्या मोजक्या तुकड्या पुरल्या, कारण त्यांच्यामागे वॉरंट, वकील आणि ज्यूरी होती. उलट ४ जानेवारी १८७५ रोजी लुइझियानाच्या विधिमंडळात सैनिक शिरले आणि त्यांनी पाच सदस्यांना बाहेर काढलं, तेव्हा मागे असं काहीच नव्हतं. उत्तरेतसुद्धा बोंब उठली आणि ती रास्त होती. यावरून ‘फौज नको’ असा निष्कर्ष काढणारे पहिलं उदाहरण लपवून दुसरं पुढे करतात.

आता घोटाळे. २४ सप्टेंबर १८६९ रोजी जे गूल्ड आणि जिम फिस्क या सट्टेबाजांनी सोन्याचा बाजार कोंडला. ग्रँटचा मेहुणा एबल कॉर्बिन त्यांच्या खिशात होता. कट कळल्यावर ग्रँटनेच सरकारी तिजोरीतलं ४० लाख डॉलरचं सोनं बाजारात सोडायला लावलं आणि भाव कोसळला. व्हिस्कीचा कर गॅलनला ७० सेंट. कारखानदार गाळलेला माल कमी दाखवायचे आणि वाचलेला पैसा निरीक्षकांशी वाटून घ्यायचे. हे उघडकीला आणलं ते ग्रँटच्याच मंत्र्याने, बेंजामिन ब्रिस्टोने; मे १८७५च्या धाडींनंतर २३८ जणांवर आरोप, ११०ना शिक्षा, तीस लाख डॉलरच्या वर वसुली. पण धागा अध्यक्षाचा सचिव ऑर्व्हिल बॅबकॉकपर्यंत गेला, तेव्हा ग्रँटने त्याच्या बाजूने साक्ष दिली आणि तो सुटला. युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅपच्या घरी फोर्ट सिल या लष्करी ठाण्यातल्या दुकानदारीचा हप्ता जात होता. महाभियोगाचा ठराव येण्याआधी काही मिनिटं तो राजीनामा घेऊन आला आणि ग्रँटने तो लगेच स्वीकारला. बॅबकॉक काय, बेल्कनॅप काय, दोघेही युद्धातले. गोळीबारात जो शेजारी उभा राहिला त्याच्यावर शंका घ्यायची नाही, ही छावणीतली रीत त्याने सरकारात आणली. ग्रँटच्या स्वतःच्या खिशात एक डॉलर गेल्याचा पुरावा नाही. १८८४ मध्ये फर्डिनंड वॉर्ड नावाच्या भागीदाराने त्याला पुरता बुडवला, तोही असाच विश्वास टाकल्यामुळे. घशाच्या कर्करोगाने खंगत त्याने आठवणी लिहून कुटुंबाची सोय केली आणि २३ जुलै १८८५ रोजी वारला.

मग घोटाळेच का लक्षात राहिले? एक कारण असं की ते सांगायला सोपे आहेत. दुसरं कमी निष्पाप आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्याच्या शिष्यांनी पुनर्रचनेचा, म्हणजे यादवी युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याचा, काळ म्हणजे अडाणी मतदार आणि लुटारू पुढाऱ्यांचा धिंगाणा, अशी मांडणी रूढ केली. कृष्णवर्णी मतदार हीच चूक होती असं एकदा धरलं की त्या मतदाराचं रक्षण करणारा अध्यक्ष भ्रष्ट असणं सोयीचं पडतं. कोलफॅक्समध्ये १९५० साली उभारलेल्या फलकावर त्या कत्तलीला ‘दंगल’ म्हटलं होतं आणि तिने दक्षिणेतला बाहेरच्यांचा अंदाधुंद कारभार संपवला, असं कौतुकही होतं. तो फलक २०२१ मध्ये निघाला.

ग्रँटची बाजू घेणाऱ्यांनी आणखी एका ठिकाणी आवाज खाली आणायला हवा. त्याने सेनेका जमातीच्या ईली पार्करला मूलनिवासींच्या कारभाराचा आयुक्त नेमलं, ‘शांतता धोरण’ जाहीर केलं. पण ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडल्यावर, नोव्हेंबर १८७५ मध्ये व्हाइट हाउसमधल्या बैठकीत, तहाने लाकोटांना दिलेल्या त्या प्रदेशात शिरणाऱ्या खाणवाल्यांना यापुढे अडवायचं नाही असं ठरलं. ३१ जानेवारी १८७६पर्यंत राखीव हद्दीत परत या, असा निरोप ऐन हिमवर्षावात धाडला गेला, जो पाळणं शक्यच नव्हतं. इथे यंत्र बंद पडलं असं म्हणायची सोय नाही. ते उलट्या दिशेने मुद्दाम चालवलं गेलं.

पुढचा हिशेब थोडक्यात देतो. १८७७ मध्ये पुढचा अध्यक्ष रदरफोर्ड हेजने राज्यांच्या कचेऱ्यांभोवतालची फौज काढली, १८७८ मध्ये कायदा राबवायला लष्कर वापरण्यावर बंदी आली, १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून कृष्णवर्णी मतदार यादीतून जवळजवळ पुसला, आणि १८९४ मध्ये काँग्रेसने १८७०-७१च्या कायद्यांतली निवडणुकीची कलमं रद्द केली. ‘त्या काळी याहून जास्त होण्यासारखंच नव्हतं’ असं ग्रँटचे वकील म्हणतात तेव्हा मला १९६५चा मतदान हक्क कायदा आठवतो. त्यात नवं असं थोडंच होतं : राज्याच्या हातून मतदार नोंदणी काढून संघराज्याचे अधिकारी बसवणं, त्यांच्यामागे न्याय खातं उभं करणं, आणि हे काम एका हंगामात न सोडणं. मिसिसिपीत नोंदलेल्या कृष्णवर्णी मतदारांचं प्रमाण कायद्याआधी ६.७ टक्के होतं. १९६७पर्यंत ते ५९.८ टक्क्यांवर गेलं. यातला प्रत्येक भाग १८७१च्या हिवाळ्यात कोलंबियाच्या कोर्टाभोवती हजर होता, फक्त शेवटचा सोडून. तो शेवटचा भाग पुरवणं अध्यक्षाच्या हाती होतं.